फीड बंद करण्याआधी
अतिदक्षता विभागातून : लेखांक ७

"मॅडम, चार नंबरचं अ‍ॅस्पिरेट २४० आलंय. फीड होल्ड करू?"

पहाटेचे चार वाजले होते. विचारणारी सिस्टर तीन महिन्यांपूर्वीच रुजू झालेली. एका हातात ५० मिलीची सिरिंज, दुसऱ्या हातात मापाचं भांडं, त्यात रायल्स ट्यूबमधून ओढून काढलेलं दुधट, किंचित हिरवट पाणी. चार नंबरवर न्यूमोनियाचे काका, व्हेंटिलेटरवर तिसरा दिवस. फीड पंपावर, तासाला ६० मिली. म्हणजे चार तासांत गेलं २४० आणि बाहेर आलंही २४०. जठराने थेंबभरही पुढे ढकललं नाही, असंच कुणालाही वाटेल. तिलाही तेच वाटलं होतं.

मी तिला कागद घ्यायला सांगितलं. माणसाची लाळ आणि जठरातला पाचक रस मिळून दिवसाला तीन-चार लिटर होतो. ढोबळ हिशेबाने चार तासांचा अर्धा लिटर. आजारी माणसात कमी धरला, तरी तो फीडमध्ये मिसळतोच. म्हणजे काकांच्या जठरात चार तासांत २४० नाही, सातशेच्या आसपास मिली जमा झालं आणि शिल्लक राहिलं २४०. बाकीचं पुढे आतड्यात गेलं. जठर हळू चालत होतं, पण चालत होतं.

मी नोकरीला लागले तेव्हा दीडशे-दोनशेच्या वर अ‍ॅस्पिरेट आलं की फीड बंद, हा नियम आम्ही डोळे मिटून पाळायचो. जठर भरलं तर फीड उलटून फुप्फुसात जाईल, ही त्यामागची भीती. भीती खरी आहे, पण तो आकडा ती मोजायला फारसा उपयोगी नाही. फ्रान्समधल्या नऊ अतिदक्षता विभागांत ४४९ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाचं अ‍ॅस्पिरेट नियमित मोजलं, दुसऱ्याचं मोजलंच नाही. न मोजलेल्यांत उलट्या जास्त झाल्या, पण व्हेंटिलेटरचा न्यूमोनिया वाढला नाही, आणि त्यांच्या पोटात अन्न जास्त गेलं. २०१६ च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांनी तर ते रोज मोजूच नका, आणि मोजत असाल तर दुसरं काही लक्षण नसताना ५०० मिलीच्या आत फीड थांबवू नका, असं सांगितलं. आमच्याकडे अजून मोजतात. मला त्यात वावगं वाटत नाही, कारण सिरिंज ओढताना रंग दिसतो. कॉफीच्या चोथ्यासारखं काळपट आलं तर रक्तस्रावाची शंका, लगेच डॉक्टरांना फोन. पण नुसत्या आकड्यावर माणसाला उपाशी ठेवायचं नाही.

मग बघायचं काय? पांघरूण बाजूला करून पोट. काकांचं पोट मऊ होतं, फुगलेलं नव्हतं, उलटी नव्हती. खाट ३० अंशांवर होती, पण काका घसरून पायथ्याशी आले होते, मान उशीवर आणि पोट मधोमध दुमडलेलं. खाटेचा काटा ३० दाखवतो, माणूस ३० वर नसतो. मामांना बोलावून काकांना वर सरकवलं. ही बाब साधी वाटते, पण बार्सिलोनामधला १९९९ चा अभ्यास मी प्रत्येक नव्या सिस्टरला सांगते : आडवं झोपवलेल्या ४७ जणांपैकी १६ जणांत न्यूमोनियाची शंका आली, ४५ अंशांवर ठेवलेल्या ३९ जणांपैकी फक्त तिघांत. औषध नाही, यंत्र नाही, खाटेचा एक दांडा फिरवायचा.

मग चार्ट. फेंटानिलचा वेग रात्री वाढवलेला, पोटॅशियम ३.१, साखर २४० च्या घरात. तिन्ही गोष्टींनी पोट मंदावतं. राऊंडला हे तीन आकडे डॉक्टरांपुढे ठेवले की मेटोक्लोप्रमाइड किंवा एरिथ्रोमायसिन लिहिण्याआधी त्यांना मूळ कारण दिसतं. ही औषधं उपयोगी आहेत, पण त्यांचा जोर काही दिवसांत ओसरतो आणि मॉनिटरवरच्या ईसीजीकडे लक्ष ठेवावं लागतं. अ‍ॅस्पिरेट आम्ही परत जठरात सोडलं, त्यात क्षार आणि पाचक रस असतात. मागून पाणी देऊन नळी धुतली. फीड चालूच.

आता जुलाब. फीडवर ठपका ठेवायला सगळ्यात सोपं लक्षण हेच, आणि इथे मी स्वतः चुकले आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्याकडच्या एका आजींना दिवसाला सात-आठ वेळा पातळ होत होतं. आम्ही फीडमध्ये पाणी घालून ते पातळ केलं, मग दीड दिवस बंदच ठेवलं. पाणी घातल्याने अन्नातला कस जातो आणि जंतुसंसर्गाची वाट मोकळी होते, हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. जुलाब थांबले नाहीत. तेव्हाच्या इन्चार्ज बाईंनी आजींच्या ट्रॉलीवरच्या सगळ्या बाटल्या खिडकीत ओळीने मांडल्या आणि मला लेबलं मोठ्याने वाचायला लावली. पॅरासिटामॉलचं सिरप, गोडीसाठी सॉर्बिटॉल घातलेलं. पोटॅशियमचं सिरप, इतकं तीव्र की आतडं पाणी ओढून घेतं. आणि शेवटची बाटली लॅक्टुलोजची : आठवड्यापूर्वी आजींना शौचाला होत नव्हतं म्हणून लिहिलेलं, कुणीच न थांबवलेलं. दिवसातून दोनदा मीच ते नळीतून देत होते. लॅक्टुलोज बंद झालं, पोटॅशियम सलाइनमधून सुरू झालं, पॅरासिटामॉलची गोळी कुटून दिली. दोन दिवसांत आजींचं पोट ताळ्यावर आलं. त्यांना दीड दिवस विनाकारण उपाशी ठेवलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून चार्टवर 'लूज मोशन प्लस प्लस' लिहिलेलं मला चालत नाही. किती वेळा, किती, कसा रंग, कसा वास, आणि त्या दिवशी कोणतं अँटिबायोटिक कितव्या दिवशी, हे हवं. अँटिबायोटिकनंतर क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलचा संसर्ग होतो, तेव्हा हँडरब पुरत नाही. त्याचे बीजाणू अल्कोहोलने मरत नाहीत, हात साबण-पाण्यानेच धुवायचे. दरवेळी डायपर बदलताना कमरेखालची कातडी बघायची, झिंकचं मलम लावायचं. मावशींना हे नीट समजावलं तर त्या आमच्याआधी लालसर डाग दाखवतात. आणि कधी कधी पातळ होण्यामागे कोंडलेला घट्ट मळच असतो. त्याच्या कडेने पाणी झिरपतं. बोटाने तपासल्याशिवाय ते कळत नाही.

घरच्या डब्याबद्दलही सांगायला हवं. "सिस्टर, बाबांना घरचं मुगाचं पाणी द्या ना, ते बाहेरचं कधी खात नाहीत," असं म्हणत सून स्टीलचा डबा पुढे करते. त्या डब्यातली माया मला दिसते. पण मिक्सरच्या पात्यात अडकलेला कण, रिक्षातला तासाभराचा प्रवास आणि बाहेरची उष्णता यांत जंतू वाढतात. पाण्यात कालवलेलं पावडरचं फीडसुद्धा आम्ही चार तासांपलीकडे टांगून ठेवत नाही. शिवाय वरच्या पाण्यात पोषण फारच कमी, आणि राहिलेली चोथट डाळ नळी बंद पाडते. मी सुनेला आहारतज्ज्ञांकडे नेते, बाबा तोंडाने खायला लागले की पहिला डबा तुमचाच, असं सांगते.

आता खरोखर कधी थांबायचं ते. पोट टणक, ताणलेलं. नॉरअ‍ॅड्रेनॅलिनचा वेग तासातासाला वाढतोय. लॅक्टेट चढतंय. अशा वेळी आतड्याचा रक्तपुरवठाच आटलेला असतो, आणि त्यात अन्न ढकललं तर आतडं मरू शकतं. शॉकमधल्या, व्हेंटिलेटरवरच्या २,४१० रुग्णांच्या २०१८ मधल्या फ्रेंच अभ्यासात, सुरुवातीपासून नळीने पूर्ण फीड दिलेल्यांत आतड्याचा रक्तपुरवठा तुटण्याचं प्रमाण २ टक्के होतं, शिरेतून पोषण दिलेल्यांत १ टक्क्याहून कमी. आकडा लहान आहे, पण त्या दोनांमधला एक माझ्या खाटेवर असू शकतो. तिथे राऊंडची वाट बघायची नाही. पंप बंद करायचा, मग फोन उचलायचा.

स्कॅनसाठी, ट्रेकिऑस्टॉमीसाठी बंद केलेलं फीड परत सुरू करायला विसरणं मात्र मला सगळ्यात जास्त सलतं. रुग्ण परत येतो, सगळे लाइन आणि मॉनिटरमध्ये गुंततात, पंप तसाच बंद. ६० च्या वेगाने दहा तास म्हणजे ६०० मिली, साधारण ६०० किलोकॅलरी, पाच-सहा पोळ्यांइतकं जेवण. तोंडाने जेवणारा माणूस मागून घेतो. हा मागू शकत नाही. म्हणून आमच्याकडे बंद केल्याची वेळ लिहिली की त्याच ओळीत सुरू करण्याची वेळही लिहायची.

सकाळी आठला काकांचं अ‍ॅस्पिरेट ९० आलं. त्या सिस्टरने ओव्हर देताना आकडा शेवटी सांगितला. आधी सांगितलं, "पोट मऊ आहे, काका वर सरकवलेत, पोटॅशियम लावलंय, फीड एकदाही थांबलेलं नाही."

पुढच्या आठवड्यात : बरेच दिवस उपाशी असलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी भरपूर फीड का द्यायचं नाही.