बोटीवर टीव्ही दिसत नाहीये? अँप्लिफायर घेण्याआधी हे वाचा

मी लंडनमध्ये सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि गेल्या वर्षापासून एका मित्राबरोबर नॅरोबोटवर राहतो. नॅरोबोट म्हणजे इंग्लंडच्या कालव्यांवर चालणारी, लांबलचक आणि जेमतेम ७ फूट रुंद अशी स्टीलची बोट. घरभाडं वाचतं, पण बोटीला कायमची जागा नसेल तर साधारण दर १४ दिवसांनी ती पुढे हलवावी लागते. म्हणजे दोन आठवड्यांनी शेजार नवा आणि टीव्हीचा सिग्नलही नवा.

जुलैमध्ये आई-बाबा आले होते. बाबांना विम्बल्डनची फायनल बघायची होती. टीव्ही लायसन्स असलं की ती बीबीसीवर अँटेना लावून दिसते, वेगळं सबस्क्रिप्शन लागत नाही. बोट तेव्हा हेमेल हेम्पस्टेडजवळ होती. मोबाइलला रेंजची एकच काडी, त्यामुळे स्ट्रीमिंगचा विषयच संपला. शनिवारी टीव्ही लावला तर स्क्रीनवर ‘नो सिग्नल’. मी गावात जाऊन ३० पौंडांचा अँप्लिफायर आणला, जोडला. तरीही ‘नो सिग्नल’. आणि फायनल दुसऱ्या दिवशी!

आता मुंग्या दिसत नाहीत

लहानपणी गावाला दूरदर्शन लावताना बाबा गच्चीवर अँटेना फिरवायचे आणि आम्ही खालून ओरडायचो, “आलं, आलं... गेलं!” तो अ‍ॅनालॉग सिग्नल होता. सिग्नल कमी झाला की मुंग्या वाढायच्या, त्यावरून अंदाज यायचा.

ब्रिटनमध्ये अ‍ॅनालॉग टीव्ही २०१२ मध्ये पूर्ण बंद झाला. फ्रीव्ह्यू ही इथली अँटेनावरची सेवा डिजिटल आहे. डिजिटलमध्ये थोड्या चुका टीव्ही स्वतःच दुरुस्त करतो, म्हणून चित्र एकदम स्वच्छ दिसतं. चुका मर्यादेबाहेर गेल्या की आधी चौकोन पडतात आणि लगेच सगळंच गायब होतं. तुम्ही थोडक्यात हुकताय की पार चुकीच्या दिशेला आहात, हे काळ्या स्क्रीनवरून कळत नाही.

म्हणून टीव्हीच्या सेटिंगमध्ये मॅन्युअल ट्यूनिंग उघडा. तिथे बहुतेक टीव्हींवर ‘स्ट्रेंग्थ’ आणि ‘क्वालिटी’ असे दोन आकडे दिसतात. बघायचा तो क्वालिटीचा. स्ट्रेंग्थ म्हणजे आवाज किती मोठा, क्वालिटी म्हणजे शब्द किती स्पष्ट.

उभी की आडवी?

मी सेटिंगमध्ये डोकं घालून बसलो होतो, तेवढ्यात काठावर फिरायला गेलेले बाबा परत आले. म्हणाले, “अरे, इथल्या घरांवरच्या अँटेना बघितल्यास का? त्यांच्या काड्या उभ्या आहेत. आपल्या आडव्या का?”

हेच चुकलं होतं. टीव्हीच्या लहरी आडव्या किंवा उभ्या पातळीत सोडल्या जातात. याला पोलरायझेशन म्हणतात. अँटेनाच्या काड्या त्याच पातळीत असाव्या लागतात, नाहीतर साधारण २० डेसिबल सिग्नल कमी होतो, म्हणजे १०० भागांतला एकच भाग हाती लागतो.

लंडनचा मुख्य ट्रान्समीटर क्रिस्टल पॅलेसला आहे आणि तो आडवा आहे. माझी अँटेना अजून त्याच्याच हिशोबाने लावलेली होती. हेमेल हेम्पस्टेडचा भाग टेकड्यांमधल्या खोऱ्यात येतो, म्हणून गावासाठी वेगळा छोटा रिले ट्रान्समीटर आहे, आणि तो उभा. मी अँटेना ९० अंश वळवली, घरांवरच्या अँटेनांच्या दिशेला तोंड केलं आणि चॅनल पुन्हा शोधले. बीबीसी वन आलं!

मग अँप्लिफायर का चालला नाही?

कारण अँप्लिफायर सिग्नल तयार करत नाही. अँटेनापर्यंत जे पोचलंय तेच तो मोठं करतो, नॉइजसकट. वर थोडा नॉइज स्वतःचाही घालतो. त्याचा खरा उपयोग लांब केबलमध्ये होणारी गळती भरून काढायला होतो, आणि तेव्हाही तो अँटेनाजवळ लावायचा, टीव्हीजवळ नाही. बोटीवर केबल जेमतेम ५-६ मीटर असते. चांगली, जाड केबल असेल तर एवढ्या अंतरात फारसं काही जात नाही.

माझा आताचा क्रम

१. फ्रीव्ह्यूच्या कव्हरेज चेकरमध्ये जवळचा पोस्टकोड टाकून ट्रान्समीटर कोणता ते बघतो.

२. फोनमधला कंपास वापरतो, पण काठावर, बोटीपासून लांब जाऊन. स्टीलच्या छतावर उभं राहिलात तर कंपास चुकीची दिशा दाखवतो.

३. आसपासच्या घरांवरच्या अँटेना बघतो. दिशा आणि उभं-आडवं, दोन्ही फुकटात कळतं.

४. अँटेना बोटीच्या आत कधीच ठेवत नाही, कारण स्टीलचा डबा लहरी अडवतो. छतावर खांब उभारून शक्य तितकी उंच लावतो. समोर ओली झाडं असतील तर बोट थोडी पुढे-मागे घेतो.

५. क्वालिटीचा आकडा बघत अँटेना हळूहळू फिरवतो. प्रत्येक वेळी काही सेकंद थांबतो, कारण आकडा उशिरा बदलतो.

६. इन्व्हर्टर, स्वस्तातले चार्जर आणि एलईडी दिवे एकेक करून बंद करून बघतो. यांचा नॉइज बऱ्याचदा सिग्नलमध्ये घुसतो.

७. एवढं करूनही जमलं नाही, तरच अँप्लिफायर.

कालव्याच्या काठाला बांधलेल्या बोटीला दिशा धरणारी लॉग-पिरिऑडिक अँटेना चांगली. ती सगळ्या टीव्ही चॅनलना चालते आणि सहज वळवता येते. समुद्रात नांगर टाकलेली बोट वाऱ्याबरोबर फिरत राहते, तिथे चहूबाजूंनी सिग्नल घेणारी अँटेना बरी, पण ती कमी सिग्नल पकडते.

एक गोष्ट मात्र विसरू नका. बोट हलवण्याआधी खांब खाली घ्या. पूल कमी उंचीचे असतात आणि कुठे कुठे विजेच्या ताराही असतात. खांब लावताना वर तार नाही ना, हे आधी बघा.

रविवारी फायनल पूर्ण दिसली, एकही चौकोन न पडता. अँप्लिफायर मी सोमवारी दुकानात परत केला.