सायकल दिली, साइडपट्टी राहिली

झरी जामणी आणि वाहतूक कोंडी हे शब्द एका वाक्यात आले, तर पुण्या-मुंबईचा वाचक हसेल. यवतमाळ जिल्ह्याच्या टोकाला, तेलंगणाच्या सीमेला टेकलेला हा तालुका. कोलाम-गोंडांची गावे, कापसाची शेती. पण जमिनीखाली चुनखडी आहे, कोळसाही आहे. मुकुटबनला 2022 मध्ये वर्षाला 39 लाख टन क्षमतेचा सिमेंट कारखाना सुरू झाला. साधा हिशेब करून पाहावा. तीस टनांचा एक ट्रक, कारखाना पूर्ण क्षमतेने चालतो आणि निम्मा माल रेल्वेने जातो असे धरले, तरी दिवसाला पावणेदोनशे ट्रक नुसत्या सिमेंटचे निघतील. तेवढेच परत येतील. कोळशाचे हायवा डंपर वेगळे.

आणि सकाळी याच रस्त्यांच्या कडेने मुली सायकलवर शाळेला निघतात.

त्या सायकलींमागे सरकारी पैसा आहे. मानव विकास मिशन 2006 मध्ये सुरू झाले आणि पुढे मानव विकासात मागे पडलेल्या 125 तालुक्यांत पसरले; झरी जामणी त्यांपैकी एक. आठवी ते बारावीच्या, शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या गरजू मुलींना सायकलीसाठी अनुदान मिळते. ते 3,500 रुपये होते, 2022 मध्ये 5,000 झाले. लांबच्या मुलींसाठी ‘मानव विकास’च्या एसटी बस. वाहतूक धोरण असे नाव या योजनेला कोणी दिले नाही. ती मुलींच्या शिक्षणाची योजना म्हणूनच ओळखली जाते. तरीही ग्रामीण महाराष्ट्रातली सायकलवरची ही एक मोठी सार्वजनिक गुंतवणूक आहे.

अशा गुंतवणुकीतून काय निघते, ते मोजले गेले आहे. बिहारने 2006 मध्ये नववीच्या मुलींना सायकली द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी शेजारच्या झारखंडशी तुलना केली, तेव्हा माध्यमिक शाळेतली योग्य वयाच्या मुलींची नोंदणी 32 टक्क्यांनी वाढल्याचे आणि मुलगा-मुलगी यांच्यातली दरी 40 टक्क्यांनी घटल्याचे दिसले. झांबियातल्या तशाच प्रयोगात मुलींचा वाटेवरचा वेळ एक तृतीयांशाने वाचला. आयआयटी दिल्लीच्या अभ्यासकांचे आकडे तर शहरवाल्यांनी भिंतीवर लावावेत असे आहेत. 2007 ते 2017 या दहा वर्षांत सायकलने शाळेत जाणाऱ्या मुलांचे प्रमाण ग्रामीण भारतात 6.3 वरून 12.3 टक्क्यांवर गेले. शहरांत ते 7.8 वरून जेमतेम 8.3 झाले.

याचा कोंडीशी संबंध काय? बाप मोटारसायकलवर पोरीला शाळेत सोडतो, घरी किंवा शेतावर परततो, संध्याकाळी पुन्हा आणायला जातो. एका मुलीच्या शाळेसाठी रस्त्यावर चार फेऱ्या. ती सायकलने गेली तर दोनच, आणि त्याही जवळपास जागा न अडवणाऱ्या. शाळेच्या फाटकापाशी होणारी दाटी बरीचशी त्या जास्तीच्या दोन फेऱ्यांची असते. अमेरिकेतल्या शहर-वाहतूक अधिकाऱ्यांच्या संघटनेचा हिशेब असा : तीन मीटर रुंदीच्या पट्ट्यातून तासाला खासगी मोटारींनी 600 ते 1,600 माणसे जातात, संरक्षित सायकल मार्गावरून 7,500, पदपथावरून 9,000.

मग पुण्याने हे का साधले नाही? एके काळचे ते सायकलींचे शहर. 2006 मध्ये बीआरटीसोबत, म्हणजे बससाठीच्या वेगळ्या मार्गांसोबत, सायकल मार्ग आले. मार्ग मधेच तुटायचे, कुठे त्यांवर गाड्या उभ्या, कुठे टपऱ्या. डिसेंबर 2017 मध्ये महापालिकेने सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला : आठशेहून अधिक किलोमीटरचे जाळे, खर्च सुमारे 335 कोटी. त्याच सुमारास भाड्याच्या सायकली आल्या, पेडल, ओफो, मोबाइक, युलू. लोकांनी हौसेने चालवल्या आणि कंपन्या एकेक करून बाहेर पडल्या. सलग, सुरक्षित वाट नसेल तर फुकटची सायकलही उभीच राहते. जंगली महाराज रस्त्याचे रुंद पदपथ मात्र माणसांनी भरलेले असतात, हेही सांगायला हवे. वाट नीट बांधली तिथे लोक आपोआप आले.

पॅरिसने याच्या उलट क्रम धरला, आधी रस्ता. 2021 ते 2026 या काळासाठी 25 कोटी युरो सायकल मार्गांवर ठेवले. 2024 मध्ये जाहीर झालेल्या पाहणीत शहरातल्या 11.2 टक्के फेऱ्या सायकलने, तर 4.3 टक्के मोटारीने होत असल्याचे आढळले. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने 2016 मध्येच सुचवले होते की वाहतुकीच्या पैशातला किमान पाचवा हिस्सा चालणाऱ्यांवर आणि सायकलवाल्यांवर खर्चावा. आपल्याकडे 2022 मध्ये रस्त्यांवर 32,825 पादचारी मेले. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पदपथाचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे स्पष्ट केले. निकालाची प्रत मंत्रालयापर्यंत पोचते. मुकुटबनच्या रस्त्यापर्यंत ती कोण नेणार?

झरी जामणीला पॅरिसचे बजेट लागत नाही. डांबराच्या कडेला, ट्रकच्या चाकापासून सुटी अशी दोन मीटरची पक्की साइडपट्टी, गावाजवळ आणि शाळेसमोर वेग रोखणारे उंचवटे, एवढ्यावर सुरुवात होते. पैशाचा प्रश्नही वाटतो तेवढा अवघड नाही. 2015 पासून खाण मालकांना स्वामित्वधनाच्या प्रमाणात ठरावीक रक्कम जिल्हा खनिज प्रतिष्ठानला द्यावी लागते. खाणबाधित भागासाठीच्या या निधीतून शिक्षणावर खर्च करता येतो आणि काही हिस्सा रस्ते-पुलांसारख्या सुविधांवरही. ज्या खनिजाचे ट्रक मुलींना रस्त्याच्या कडेला ढकलतात, त्याच खनिजाच्या पैशातून ती कड बांधणे न्यायाचेही आहे. तालुक्यातल्या ग्रामपंचायतींनी शाळेच्या वाटांची यादी करून तसे ठराव जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवावेत, आणि पुढच्या रस्त्याच्या अंदाजपत्रकात ही दोन मीटर लिहून घेतल्याशिवाय कामाचे भूमिपूजन होऊ देऊ नये.