२५,००० रुपयांत गाडीचं हॅण्डलिंग सुधारायचंय? आधी प्रश्न नीट मांडा



पीएचडीच्या तयारीत असलेले विद्यार्थी हमखास विचारतात, "संशोधनाचा प्रश्न नीट मांडायचा म्हणजे नक्की काय करायचं?" व्याख्या सांगत बसण्यापेक्षा आज एक रोजचा प्रश्न घेऊ. माझा विषय वाहन गतिशास्त्र, त्यामुळे हा प्रश्न मला नातेवाइकांकडूनही येतो: "गाडी दहा वर्षं जुनी आहे, घाटात फार झुकते. २५,००० रुपये खर्च करायची तयारी आहे. सस्पेन्शनमध्ये काय बदलू?"

प्रश्न साधा दिसतो, पण त्यात पैसा मर्यादित आहे, काही बदल परत फिरवता येत नाहीत, आणि निवड फसली तर पावसात ओल्या वळणावर गाडीत आपलीच माणसं बसलेली असतात. प्रयोगशाळेतही थोड्याफार फरकाने हेच असतं: निधी तोकडा, वेळ तोकडा, आणि घेतलेलं उपकरण दुकानदार परत घेत नाही.

उदाहरणासाठी एक छोटी हॅचबॅक धरू. वजन साधारण १,००० किलो, पुढे मॅकफर्सन स्ट्रट, मागे टॉर्शन बीम. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांची हीच रचना असते.

१. "हॅण्डलिंग" हा शब्द आधी फोडा

"हॅण्डलिंग खराब आहे" हे वाक्य मोजता येत नाही. त्यामागे किमान चार वेगवेगळ्या तक्रारी असू शकतात:

- वळणावर बॉडी झुकते.
- स्पीडब्रेकरनंतर गाडी डुलत राहते.
- सरळ रस्त्यावर स्टिअरिंग भटकतं किंवा गाडी एका बाजूला ओढते.
- वळणात पुढची चाकं बाहेर सरकतात, गाडी हवी तेवढी वळत नाही.

पहिलीचा संबंध स्प्रिंग आणि अँटी-रोल बारशी, दुसरीचा शॉकअपशी. तिसरी बहुतेक वेळा अलाइनमेंट, टायर किंवा झिजलेल्या बुशमुळे येते. चौथीत टायरची पकड आणि पुढच्या-मागच्या ॲक्सलमधला समतोल येतो. चारही तक्रारींना "सस्पेन्शन मऊ आहे" असं एकच नाव दिलं की माणूस सरळ कडक स्प्रिंग घ्यायला जातो. संशोधनात यालाच म्हणतात, चल न ठरवता उपाय ठरवणं.

२. यंत्रणा समजली की अर्धे पर्याय आपोआप गळतात

एका चाकावर बॉडीचं २५० किलो वजन येतं असं धरा. चाकापाशी मोजलेली स्प्रिंगची ताठरता १६,००० न्यूटन प्रति मीटर. ताठरतेला वस्तुमानाने भागलं की ६४, त्याचं वर्गमूळ ८ रेडियन प्रति सेकंद, म्हणजे सुमारे १.२७ हर्ट्झ. ही बॉडीची नैसर्गिक वारंवारता. रोजच्या वापरातल्या गाड्या साधारण १ ते १.५ हर्ट्झच्या पट्ट्यात असतात.

आता शॉकअप. हेलकावा अजिबात उरू नये यासाठी लागणारं किमान, म्हणजे क्रिटिकल डॅम्पिंग, इथे ४,००० न्यूटन-सेकंद प्रति मीटर येतं. शॉकअप १,२०० चं असेल तर डॅम्पिंग रेशो ०.३. अशा गाडीत एका पूर्ण हेलकाव्यानंतर मूळ हालचालीच्या सुमारे १४ टक्के उरते. शॉकअप निम्मा निकामी झाला, रेशो ०.१५ वर आला, की ३९ टक्के उरते. स्पीडब्रेकरनंतरचं ते डुलणं म्हणजे हेच.

आता गंमत बघा. याच गाडीला ३० टक्के कडक स्प्रिंग बसवली आणि शॉकअप तोच ठेवला, तर वारंवारता १.४५ हर्ट्झपर्यंत वाढते, पण डॅम्पिंग रेशो ०.३ वरून ०.२६ वर *घसरतो*. म्हणजे डुलण्याची तक्रार घेऊन गेलात आणि कडक स्प्रिंग घेऊन आलात, तर मूळ दुखणं वाढवून आलात. स्प्रिंग कापून घेणं किंवा वेटोळ्यांमध्ये रबरी बफर अडकवणं हे स्वस्त उपाय याच जातीचे. स्प्रिंगची ताठरता चालू वेटोळ्यांच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात असते, त्यामुळे सहापैकी एक वेटोळं निकामी केलं की ती २० टक्के वाढते. शिवाय कापलेली स्प्रिंग तिच्या बैठकीत नीट बसेलच याची खात्री नसते. तो धोका वेगळाच.

३. झुकणं आणि पकड या दोन वेगळ्या गोष्टी

इथे बरेच जण अडखळतात. वळणावर आतल्या चाकांवरचं वजन बाहेरच्या चाकांवर जातं. किती जातं, ते गाडीचं वजन, वळणाचा जोर, गुरुत्वमध्याची उंची आणि दोन चाकांमधलं अंतर यांवर ठरतं. १,००० किलोची गाडी, ०.४ जी चं वळण, गुरुत्वमध्य ०.५५ मीटर उंच आणि चाकांमधलं अंतर १.४५ मीटर धरलं, तर सुमारे १५२ किलो भार सरकतो. या हिशोबात स्प्रिंगची ताठरता कुठेच आली नाही! कडक सस्पेन्शनने झुकणं कमी *दिसतं*, सरकणारा एकूण भार जवळपास तेवढाच राहतो.

अँटी-रोल बार तो भार पुढे आणि मागे किती वाटायचा ते ठरवतो. टायरवरचा भार वाढला की पकडही वाढते, पण त्याच प्रमाणात नाही. समजा ३०० किलो भाराचा टायर २७० किलोची पकड देतो, तर पुढच्या दोन टायरांची मिळून ५४०. वळणात ८० किलो सरकले, एकावर ३८० आणि दुसऱ्यावर २२० आले, तर बेरीज ५३२ च्या आसपास. पुढचा बार जाड केला आणि ८० ऐवजी ११० सरकले, तर ५२४. म्हणजे झुकणं कमी झालं, आणि पुढच्या चाकांची पकडही कमी झाली.

मागचा बार जाड केला तर उलटं होतं: गाडी जास्त चटकन वळते, पण ओल्या रस्त्यावर मागची बाजू सुटण्याची शक्यता वाढते. आणि बारची ताठरता व्यासाच्या चौथ्या घातात वाढते. १८ मिलिमीटरचा बार २० चा केला की "दोनच मिलिमीटर तर वाढले" असं वाटतं, पण ताठरता ५२ टक्क्यांनी वाढलेली असते.

४. बेसलाइन घेतल्याशिवाय पाकीट उघडू नका

गाडी कारखान्यातून आली तेव्हा कशी होती ते तुम्हाला आठवत नाही. दहा वर्षांची झीज इतकी हळू होते की जाणवत नाही. त्यामुळे तुलना कशाशी करायची, हे आधी ठरवायला हवं. एका सकाळी एवढं करा:

- टायर थंड असताना प्रेशर मोजा आणि दाराजवळच्या स्टिकरवरच्या आकड्याशी ताडून बघा.
- टायरवरचा चार अंकी कोड वाचा. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. नक्षीची खोली बघा, १.६ मिलिमीटरची खूण पातळीला आली असेल तर टायर संपला.
- गाडी जॅकवर घ्या, खाली स्टँड लावा, मग लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट, लिंक रॉड आणि स्ट्रट माउंट तपासा. शॉकअपवर तेलाचा ओघळ आहे का बघा.
- फोन गाडीच्या फ्लोअरवर टेपने घट्ट चिकटवा, फायफॉक्ससारख्या मोफत ॲपवर ॲक्सिलरोमीटर सुरू करा आणि एकाच स्पीडब्रेकरवरून एकाच वेगाने पाच वेळा जा. हेलकावे किती वेळात विरतात ते ग्राफवर दिसतं.
- परवानगी असलेलं मोकळं मैदान मिळालं तर २० मीटर त्रिज्येचं वर्तुळ आखा. ताशी २५ किलोमीटरला सुमारे ०.२५ जी मिळतो. स्टिअरिंग किती फिरवावं लागतं ते लिहून ठेवा. हे प्रयोग रस्त्यावर, रहदारीत करायचे नाहीत.

पाच वेळा का? एकाच स्थितीत पाच मोजमापांमध्ये जेवढा फरक पडतो, त्याहून मोठा फरक दिसला तरच "सुधारणा झाली" म्हणायचं.

५. खर्चाचा क्रम

वरच्या यंत्रणेवरून क्रम सरळ निघतो: जे स्वस्त, परत फिरवता येणारं आणि सर्वांत जास्त गोष्टींवर परिणाम करणारं, ते आधी.

*पहिलं:* टायर प्रेशर, अलाइनमेंट, बॅलन्सिंग. खर्च काही शे रुपयांचा. अलाइनमेंटची छापील पट्टी मागून घ्या, आधीची आणि नंतरची दोन्ही. तोच तुमचा डेटा. बुश झिजलेले निघाले तर ते बदलल्यावर अलाइनमेंट पुन्हा करावं लागेल, म्हणून तपासणी आधीच उरकून घ्या.

*दुसरं:* झिजलेले बुश, लिंक रॉड, माउंट. हे "अपग्रेड" वाटत नाहीत, मित्रांना दाखवता येत नाहीत, पण स्टिअरिंगचा ढिलेपणा बहुतेक इथेच दडलेला असतो.

*तिसरं:* टायर. रस्त्याला टेकणारी गाडीतली एकमेव गोष्ट. टायर जुने, कडक झालेले असतील तर बाकी कुठलाही खर्च त्याची भरपाई करत नाही. चार टायर घेतले तर बजेटचा मोठा भाग इथेच संपेल, आणि बऱ्याच गाड्यांच्या बाबतीत तो इथेच संपायला हवा.

*चौथं:* शॉकअप, ॲक्सलवर जोडीने. मूळ दर्जाचे किंवा त्याच स्प्रिंगसाठी बनवलेले थोडे जास्त डॅम्पिंगचे.

*पाचवं:* अँटी-रोल बार. वरचं सगळं ठीक असेल आणि तक्रार खरोखर झुकण्याचीच असेल तरच.

*शेवटी:* लोअरिंग स्प्रिंग आणि कॉइलओव्हर. कॉइलओव्हरचा चांगला सेट या बजेटमध्ये बसत नाही. आणि गाडी खाली आणली की सस्पेन्शनची चाल कमी होते. आपले खड्डे आणि स्पीडब्रेकर काही त्या प्रमाणात लहान होत नाहीत.

आणखी एक चौकट लक्षात ठेवा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा बदल करता येत नाही. बदल करण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनीकडे विचारून घ्या.

६. एका वेळी एकच बदल

स्प्रिंग, शॉकअप आणि टायर एकाच शनिवारी बदलले आणि गाडी छान चालू लागली. श्रेय कोणाला द्यायचं? सांगता येणार नाही.

१९३० च्या दशकाच्या सुरुवातीला मॉरिस ओली हे अभियंता रोल्स-रॉइसमधून कॅडिलॅकमध्ये आले. गाडीचा प्रवास नेमका कशामुळे सुखद होतो, यावर तेव्हा मतं भरपूर होती. ओलींच्या गटाने एका मोठ्या गाडीवर जागा बदलता येतील अशी वजनं बसवली, म्हणजे गाडी तीच ठेवून वजनाची वाटणी बदलता येईल. त्यातून कळलं की पुढची बाजू मागच्यापेक्षा मऊ हवी. मग खड्डा ओलांडल्यावर मागची बाजू पुढचीला गाठते आणि गाडी मागेपुढे डुलण्याऐवजी सपाट वरखाली होते. पुढच्या बाजूला जुना अखंड ॲक्सल ठेवून इतकी मऊ स्प्रिंग चालत नव्हती. १९३४ च्या मॉडेलांपासून जनरल मोटर्सच्या गाड्यांमध्ये पुढचं स्वतंत्र सस्पेन्शन येण्यामागे हे काम होतं. उपकरणं आजच्या मानाने काहीच नव्हती. पण एक गोष्ट हलवायची आणि बाकी धरून ठेवायची, ही शिस्त होती.

७. आपल्या भावनेवर अंध चाचणी लावा

पैसे खर्च केले की गाडी चांगली वाटतेच. हे तपासायचा फुकट मार्ग आहे. स्टिकरवर कमी वजनासाठी आणि पूर्ण वजनासाठी असे दोन प्रेशर दिलेले असतात, ते घ्या. मित्राला नाणं उडवून त्यांपैकी एक भरायला सांगा, तुम्ही पाठ करून उभे राहा. मग तोच रस्ता, तोच वेग, आणि कोणतं प्रेशर होतं ते ओळखा. फेऱ्यांमध्ये टायर थंड व्हायला सारखा वेळ द्या. सहा फेऱ्या करा. निव्वळ अंदाजाने सहाही बरोबर येण्याची शक्यता ६४ मध्ये १. सहापैकी तीनच बरोबर आले, तर "मला फरक कळतो" या वाक्याचं वजन किती, ते तुम्हीच ठरवा.

तुमच्या प्रस्तावासाठी

आता सुरुवातीचा प्रश्न पुन्हा लिहू: "स्पीडब्रेकरनंतर गाडी डुलते. फक्त पुढचे दोन शॉकअप बदलले, तर त्याच स्पीडब्रेकरवर त्याच वेगाने हेलकावे विरण्याचा वेळ, पाच मोजमापांतल्या नेहमीच्या फरकापेक्षा जास्त कमी होतो का?" यात चल आहे, बदल आहे, तुलना आहे, आणि उत्तर "नाही" येण्याची जागाही आहे.

तुमच्या विषयातला प्रश्न असाच एका वाक्यात लिहून बघा. उत्तर "नाही" आलं तर काय दिसेल, हे त्या वाक्यातून कळत नसेल, तर प्रश्न अजून कच्चा आहे. गाइडकडे जाण्यापूर्वी त्यावर आणखी एक संध्याकाळ घालवा.