दोन इंजिनांची गाडी आणि एका वहीचा हिशेब

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी निपाणीला मामांकडे गेलो होतो. माझा मामेभाऊ, ज्याला मी दादा म्हणतो, आय.टी.आय. झालेला फिटर असून बेळगावच्या उद्यमबागेत कामाला आहे. त्याने माझ्यापुढे एक वही टाकली. ''तू कॉमर्सवाला. एवढा खर्च तपासून दे, म्हणजे बाबांना पटेल.''

वहीत मामांच्या २०१३ सालच्या मारुती ८०० चे चित्र होते. पुढचे इंजिन जागच्या जागी आणि मागच्या, नुसत्याच फिरणाऱ्या चाकांना दुसरे यंत्र. एकूण खर्च रुपये ६०,०००. नेमकी एवढीच रक्कम मामांनी दुकानाच्या छपरासाठी पोस्टात ठेवली होती. त्यामुळे माझी बेरीज-वजाबाकी ही नुसती करमणूक नव्हती. यंत्रशास्त्र माझा विषय नव्हे. तरी विचारून, वाचून जे समजले ते वाचकांपुढे ठेवतो.

दोन इंजिनांची कल्पना खुळी मुळीच नाही. फ्रान्सच्या सित्रोएन कंपनीने १९५८ साली 'टू-सीव्ही सहारा' ही मोटार जाहीर केली. एक इंजिन पुढच्या चाकांना, दुसरे मागच्या. टाक्या दोन आणि किल्ल्याही दोन. पण तिचा हेतू वाळूतून वाट काढण्याचा होता, पेट्रोल वाचविण्याचा नव्हे. दोन पेट्रोल इंजिने एकदम चालवली की घर्षण वाढते, वजन वाढते आणि प्रत्येकाच्या वाट्याला थोडेच काम येते. पेट्रोल इंजिन हलक्या ओझ्यावर चालले की कामाच्या मानाने जास्त तेल खाते.

म्हणूनच 'हायब्रिड' गाडीत दुसरे यंत्र विजेवरचे असते. १९९७ साली जपानात विक्रीस आलेली टोयोटाची प्रियस ही याच जातीची. गाडी जागची हलवणे, गर्दीत रांगणे ही इंजिनाला जड जाणारी कामे मोटर करते आणि ब्रेक लावताना तीच मोटर डायनामोसारखी फिरून बॅटरी भरते. दादानेही मागे विजेची मोटरच धरली होती.

पण मामांची गाडी धावते ती निपाणी–बेळगाव हमरस्त्यावर. तिथे ब्रेक कमी, वेग सारखा. म्हणजे हायब्रिडला कमाई थोडी. ''अरे, तवंदी घाटाचा उतार आहे ना!'' दादा म्हणाला. मग तोही हिशेब मांडला. माणसांसह ९०० किलोची गाडी १०० मीटर खाली उतरली तर साधारण पाव युनिट वीज होईल एवढी शक्ती मोकळी होते. त्यातली निम्मी पदरात पडली, तरी वाचणारे पेट्रोल चहाच्या एका कपाएवढेच!

आता पैशाकडे वळू. मामा महिन्याला ६०० किलोमीटर फिरतात. लिटरला १५ किलोमीटर धरले तर ४० लिटर लागतात. सोयीसाठी भाव १०० रुपये धरू, म्हणजे ४,००० रुपये. उदार मनाने चौथा हिस्सा वाचेल असे मानले, तरी वर्षाची बचत १२,०००. दादाचे ६०,००० फिटायला पाच वर्षे. पण त्याच्या यादीत चार्जर, वाढीव स्प्रिंगा, ब्रेक आणि मजुरी नव्हती. उद्यमबागेतील त्याच्या कानडी मिस्त्रींनी चित्र पाहताच विचारले होते, ''वज्जा जास्ती आक्कैति, ब्रेकिगे एन माडती?'' वजन वाढणार, मग ब्रेकचे काय करतोस? ही कलमे घातल्यावर आकडा ९६,००० झाला, म्हणजे आठ वर्षे, व्याज वेगळेच. गाडीच्या नोंदणीची पंधरा वर्षे मात्र २०२८ मध्येच संपतात.

शेवटचे कलम कागदपत्रांचे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्याने ठरविलेल्या मूळ तपशिलात फरक पडेल असा बदल मालकाला मनाने करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितले. हायब्रिड संच बसविण्याची वाट २०१६ च्या नियमांनी उघडली खरी. पण तो संच मान्यताप्राप्त संस्थेने तपासलेला हवा आणि बसविणाराही अधिकृत हवा. पुण्याच्या केपीआयटी कमिन्सने २०१० साली 'रिव्होलो' नावाचा असा संच जाहीर केला होता, भारत फोर्जसारखा भागीदार घेतला होता; तरीही तो घरोघरच्या गाड्यांत पोचला नाही. मग परड्यात बनवलेल्या संचाची काय कथा!

दादा हिरमुसला. ''लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलच्या दुकानातूनच सुरुवात केली ना?'' तो म्हणाला. याला माझ्या वहीत उत्तर नव्हते. उत्तर मामांनी दिले. ''प्रयोग कर की! पण जी गाडी रोजची भाकरी मिळवते, तिला कापून नको.''

पावसाळ्यापूर्वी छप्पर झाले. गाडीच्या इंजिनाचे नेहमीचे काम करून घेतले. आणि परड्यात, लोखंडी चौकटीवर, भंगारातून आणलेली एक मोटर बसली आहे. दादा सुट्टीच्या दिवशी तिला फिरवतो, ब्रेक लावतो आणि किती वीज परत आली ते त्याच वहीत लिहितो. बेरीज तपासायला मी जातो.

अंदाजपत्रक म्हणजे नकार देण्याचे साधन, असे मला पूर्वी वाटत असे. कोणता धोका कोणाच्या पैशावर घ्यायचा, हे ते सांगते. एवढे मी वर्गात नव्हे, निपाणीच्या परड्यात शिकलो.