आधी हात, मग चुंबक

डॅशुंड जातीचा कुत्रा सोफ्यावरून खाली उडी मारतो, उठायला जातो आणि मागचे दोन्ही पाय साथच देत नाहीत. आखूड पायांच्या या जातीत एक जनुकीय बदल असतो. 2017 मध्ये तो नेमका ओळखला गेला. त्याच्यामुळे मणक्यांमधल्या गाद्या अकाली म्हाताऱ्या होतात. कुत्रा वर्षाचा होण्याआधीच गादीतला मऊ गर पाणी गमावून कडक व्हायला लागतो. पुढे कधीतरी तो गादी फोडून वर उसळतो आणि थेट मज्जारज्जूवर आदळतो.

कुठल्या मणक्यापाशी, हे एमआरआय दाखवू शकतो. पण कुत्र्याला शेपटीआधीच 30 मणके असतात: मानेचे 7, छातीचे 13, कमरेचे 7 आणि त्रिकास्थीचे 3. यातला कुठला भाग बारकाईने पाहायचा, हे यंत्राला कोणीतरी सांगावं लागतं. ते सांगण्याची विद्या बोटांत असते. म्हणूनच पशुवैद्यकीय मेंदूविकारतज्ज्ञाचं एमआरआय प्रशिक्षण यंत्राच्या खोलीबाहेर, कुत्र्याशेजारी जमिनीवर बसून सुरू व्हायला हवं.

डॉक्टर कुत्र्याचा पंजा उलटा करून जमिनीवर टेकवतात. निरोगी कुत्रा तो क्षणात सरळ करतो. त्या क्षणभरात पंजाकडून मेंदूकडे निरोप गेलेला असतो आणि हुकूम परत आलेला असतो. मग पाठीची कातडी हलकेच चिमटत कमरेकडून मानेकडे सरकायचं. पाठीवर माशी बसली की गाय नुसती कातडी थरथरवते, हे आपण गोठ्यात पाहिलेलं असतं. कुत्र्यातही तीच व्यवस्था आहे आणि तिचा मार्ग थक्क करणारा आहे. पाठीवरची जाणीव मज्जारज्जूत शिरते, पार खांद्यांपर्यंत चढते आणि तिथून निघालेली नस कातडीखालचा स्नायू हलवते. वाटेत मज्जारज्जू दुखावला असेल तर त्याच्या मागच्या भागातला चिमटा निरुत्तर राहतो. जिथे कातडी पुन्हा थरथरू लागते, त्याच्या एक-दोन मणके पुढे, डोक्याच्या बाजूला, इजा असण्याची दाट शक्यता. वीज नाही, पडदा नाही, फक्त एक चिमटा आणि शरीररचनेचं ज्ञान!

आता एमआरआयच्या चुंबकाकडे वळू. शरीरात सगळीकडे पाणी आहे आणि पाण्यात हायड्रोजन. 1.5 टेस्लाचं चुंबक, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे 30,000 पट, या हायड्रोजनच्या अणुकेंद्रांना शिस्तीत आणतं. मग सुमारे 64 मेगाहर्ट्झच्या रेडिओलहरी सोडल्या की ती केंद्रं ऊर्जा घेतात आणि पूर्वस्थितीला येताना स्वतःच क्षीण संदेश पाठवतात. चरबी, मेंदू, सूज, रक्त, प्रत्येकाची पूर्वस्थितीला येण्याची चाल निराळी. या फरकातून चित्र उमटतं. पॉल लॉटरबर यांनी 1973 मध्ये पाण्याच्या दोन बारीक नळ्यांचं असं चित्र प्रसिद्ध केलं. 2003 मध्ये त्यांना आणि पीटर मॅन्सफिल्ड यांना नोबेल मिळालं.

माणसाचा मेंदू साधारण 1,300 ते 1,400 ग्रॅमचा, मांजराचा 30 ग्रॅमच्या आसपास. एवढ्याशा मेंदूतला तपशील दिसायचा तर चित्राचा प्रत्येक कण लहान हवा. कणाची प्रत्येक बाजू निम्मी केली की त्यातलं पाणी आठवा हिस्सा उरतं आणि संदेशही तेवढाच. नुसता वेळ वाढवून तो भरून काढायचा तर 64 पट वेळ लागेल! म्हणून प्रशिक्षणार्थी तडजोड शिकतो: कापाची जाडी किती, कापाचा कोन कोणता, संदेश टिपणारी कॉइल कुठली. माणसाच्या गुडघ्यासाठी बनवलेली कॉइल कुत्र्याच्या डोक्याला चपखल बसते, हे असं प्रत्यक्ष कामातूनच उमगतं.

यंत्राभोवतीची सावधगिरीही पुस्तकात वाचता येते, पण अंगवळणी पडते ती करूनच. चुंबक संध्याकाळी बटण दाबून बंद करता येत नाही. ते अष्टौप्रहर जागं असतं. खिशातली कात्री किंवा लोखंडी ऑक्सिजन सिलिंडर त्या खोलीत क्षेपणास्त्र होतो. गळ्यातला पट्टा काढला तरी कातडीखालची मायक्रोचिप मानेच्या चित्रात काळं भगदाड पाडते. अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात ग्रेगरी बर्न्स यांनी 2012 मध्ये निरोगी कुत्र्यांना यंत्रात जागेपणी निश्चल पडून राहायला शिकवलं, ही अद्भुतच गोष्ट. दुखण्याने कळवळणाऱ्या जनावराकडून मात्र तशी अपेक्षा करता येत नाही. त्याला पूर्ण भूल लागते. साध्या ईसीजीच्या तारेचं वेटोळं रेडिओलहरींनी तापून कातडी भाजू शकतं, लहान जिवाचं शरीर गार पडतं आणि श्वासाकडे सतत लक्ष ठेवावं लागतं. चित्र जितकं सुंदर हवं तितका भुलेचा काळ लांबतो. कुठे थांबायचं हे ठरवणं ही या विद्येतली मोठी जबाबदारी आहे.

चित्र पडद्यावर आल्यावर खरी परीक्षा. एका प्रकारच्या चित्रात मेंदूभोवतीचं पाणी पांढरं दिसतं. दुसऱ्यात तेच पाणी मुद्दाम काळं करतात, म्हणजे पग जातीच्या कुत्र्यांत आढळणाऱ्या मेंदूदाहासारखी सूज त्यात लपत नाही. तिसऱ्यात जुन्या रक्तस्रावाची खूण उठून दिसते. पण वयस्क डॅशुंडच्या पाठीत एकापेक्षा जास्त गाद्या खराब दिसू शकतात आणि त्यातली एखादीच दोषी असते. ती कोणती, हे ठरतं हातांनी केलेल्या तपासणीशी चित्र जुळवून. उलट, वारंवार फिट येणाऱ्या तरुण कुत्र्याचा मेंदू चित्रात निर्दोष निघतो तेव्हा ते अपयश नसतं. ट्यूमर किंवा सूज दिसत नाही म्हटल्यावर आनुवंशिक अपस्माराची शक्यता बळावते.

आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न, हा कुत्रा पुन्हा चालेल का? त्यासाठी बोटाचं हाड चिमट्याने दाबतात. पाय मागे ओढला गेला तर ती केवळ मज्जारज्जूची आपसूक क्रिया असू शकते. डॉक्टर पाहतात चेहऱ्याकडे. कुत्र्याने मान वळवली, कण्हला, तर वेदना मेंदूपर्यंत पोहोचते आहे. ती पोहोचत असेल तर शस्त्रक्रियेनंतर बहुतेक कुत्री चालू लागतात. नसेल तर साधारण निम्मीच. कोट्यवधींच्या यंत्रालाही हे उत्तर इतक्या थेट देता येत नाही.

म्हणून पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्यांना यंत्राइतकेच अनुभवी हातांजवळ बसण्याचे तास मिळायला हवेत. आणि घरात कुत्रा असेल त्यांनी एवढं लक्षात ठेवावं: तो अचानक मागचे पाय ओढू लागला तर मालिश करू नका, माणसांच्या वेदनाशामक गोळ्या देऊ नका. त्याला पाठ न वाकवता सपाट फळीवर ठेवा आणि त्याच दिवशी, शक्य तितक्या लवकर, पशुवैद्याकडे न्या. अशा वेळी प्रत्येक तास मोलाचा असतो.