भोक गुण्यात कसं येतं?

आचोळ्याहून गोखिवरे, सातिवली, वालीवकडे निघालं की गाळ्यांच्या रांगा सुरू होतात. अशाच एखाद्या गाळ्यात दीड टनाचं यंत्र जमिनीला बोल्टांनी जखडलेलं आहे, असं समजा. त्याच्या बॉडीवर एक नवा ब्रॅकेट लावायचा आहे. त्यासाठी 8 मिलिमीटरच्या बोल्टाचं एक भोक हवं, आत आटे हवेत आणि भोक पृष्ठभागाशी काटकोनात, म्हणजे गुण्यात हवं. पिलर ड्रिलवर हे काम काही मिनिटांचं. पण दीड टन उचलून पिलर ड्रिलखाली ठेवणार कोण? इथे ड्रिललाच यंत्राकडे जावं लागतं, तेही माणसाच्या हातातून. आणि नुसत्या हाताला काटकोन समजत नाही. तरीही गाळ्यागाळ्यांत अशी भोकं रोज पडतात आणि बोल्ट सरळ बसतात. हे होतं कसं?

आधी चूक किती महाग पडते ते पाहू. ड्रिल फक्त 1 अंश कललं, तर 20 मिलिमीटर खोलीवर भोक जवळजवळ 0.35 मिलिमीटरने सरकतं. बोल्टाचं डोकं मग एकाच कडेवर टेकतं आणि आवळताना बोल्ट ताणला जायच्या ऐवजी वाकू लागतो.

आता ड्रिलच्या टोकाकडे निरखून पाहा. नेहमीच्या ड्रिलच्या टोकाचा कोन 118 अंशांचा असतो. दोन बाजूंना दोन धारा, आणि त्यांना जोडणारी मधली छोटी आडवी धार. गंमत अशी, की ही मधली धार जवळपास कापतच नाही! ती लोखंड नुसतं दाबते, बाजूला रेटते. म्हणूनच गुळगुळीत पत्र्यावर ड्रिल टेकवलं की ते पळत सुटतं. त्याला थोपवायला आधी सेंटर पंचाने खळगा पाडायचा, मग 3 मिलिमीटरचं बारीक भोक, आणि त्यानंतर मोठं ड्रिल. मोठ्या ड्रिलच्या न कापणाऱ्या मधल्या धारेला आता रेटायला लोखंडच उरत नाही. आधीचं भोक पुढच्या ड्रिलला वाट दाखवतं. अर्थात ते वाकडं असेल तर वाकडीच वाट दाखवणार. म्हणून सगळी काळजी सुरुवातीला घ्यायची.

ड्रिलवरच्या त्या पिळाच्या खोबणी आपल्याला इतक्या सवयीच्या झाल्यात, की त्यांचं नवल वाटेनासं झालंय. सुताराचा सामता दोरीने पुढेमागे फिरतो, त्याचं चपटं टोक दोन्ही दिशांना खरवडतं आणि भुगा भोकातच साठतो. स्टीफन मोर्स या अमेरिकन कारागिराने 1863 मध्ये पिळाच्या ड्रिलचं पेटंट घेतलं. त्याच्या ड्रिलमध्ये लोखंडाचा छिलका स्वतःहून वर चढून बाहेर पडतो. दोन्ही खोबणींतून सारख्या जाडीचे छिलके निघत असतील, तर समजायचं की दोन्ही धारा सारख्या घासलेल्या आहेत. एकीकडूनच निघत असेल तर एकच धार राबतेय, आणि भोक मापापेक्षा मोठं होणार.

पण काटकोनाचं काय? इथे एक फार सुंदर युक्ती आहे. एखादी जुनी सीडी घ्या. तिच्या मधल्या भोकाचा व्यास 15 मिलिमीटर. ती चकचकीत बाजू वर करून जॉबवर, म्हणजे भोक पाडायच्या भागावर, सपाट ठेवा आणि ड्रिल त्या भोकातून खाली न्या. सीडीत ड्रिलचं प्रतिबिंब दिसेल. खरं ड्रिल आणि प्रतिबिंबातलं ड्रिल मिळून एकच सरळ रेघ दिसली, की ड्रिल गुण्यात. जरा कललं की रेघ मोडते. आणि मोडते ती दुपटीने! ड्रिल 1 अंश कललं तर प्रतिबिंब उलट बाजूला 1 अंश कलतं, म्हणजे डोळ्याला 2 अंशांचा मोड दिसतो. आरसा आपली चूक मोठी करून दाखवतो, तेही फुकट. मात्र हे समोरून आणि बाजूने असं दोन्हीकडून पाहायला हवं, कारण एका जागेवरून डावं-उजवं कलणं दिसतं, पण आपल्याकडे झुकणं दिसत नाही. उभ्या भिंतीसारख्या जागी आडवं ड्रिल मारायचं असेल, तर त्याच्या दांड्यावर एक सैल वॉशर अडकवा. ड्रिल खालीवर कललं, की थरथरीमुळे वॉशर उताराकडे सरकू लागतो.

याहून भरवशाचा उपाय म्हणजे गाइड ब्लॉक. लोखंडाचा एक ठोकळा, त्यात आधीच काटकोनात पाडलेलं भोक. तो जॉबवर घट्ट धरायचा आणि त्यातून ड्रिल घालायचं. पण ठोकळ्यातलं भोक सरळ कशामुळे? ते पिलर ड्रिलवर पाडलं होतं. पिलर ड्रिल सरळ कशामुळे? ते दुसऱ्या यंत्रांवर घडवलं होतं. असं मागे मागे जात राहिलं तर पहिला सरळपणा आला कुठून?

इंग्रज अभियंता जोसेफ व्हिटवर्थने 1840 मध्ये ग्लासगोला याच प्रश्नाची उकल मांडली. ही रीत त्याच्या आधी हेन्री मॉडस्लेच्या कारखान्यातही वापरात होती. दोन लोखंडी पाट एकमेकांशी जुळवत खरवडले, तर एक फुगीर आणि दुसरा खोलगट होऊनही ते बिनचूक जुळतील. पण तिसरा पाट आणा. पहिला दुसऱ्याशी, दुसरा तिसऱ्याशी, तिसरा पहिल्याशी असे तिन्ही जुळायला हवेत. दोन फुगीर पाट एकमेकांवर बसूच शकत नाहीत! तिन्ही जुळायचे तर तिन्ही सपाटच असावे लागतात. हाताशी कोणतंही माप नसताना, तीन वाकड्या पाटांतून सपाटपणा जन्माला येतो. मला तर हे यंत्रयुगातलं सर्वांत थोर नवल वाटतं.

आता आटे. आटा म्हणजे डोंगराला गुंडाळत चढणारा घाटरस्ता. 8 मिलिमीटरच्या नेहमीच्या बोल्टाला हा रस्ता एका फेऱ्यात 1.25 मिलिमीटर चढतो, म्हणजे साधारण 18 पावलांना 1 पाऊल चढ. इतका मंद, की घर्षणच बोल्टाला धरून ठेवतं. या मापासाठी भोक 6.8 मिलिमीटरचं पाडतात. त्याहून लहान पाडलं तर ताकद फारशी वाढत नाही, आटे पाडणारं हत्यार, म्हणजे टॅप, मात्र अडकतं.

हातटॅपच्या संचात तीन टॅप असतात. पहिल्याचं टोक लांब निमुळतं, शेवटच्याचं जवळपास नाहीच. पहिल्या टॅपने एकदा लोखंड पकडलं की त्याला ढकलायचं नसतं. तो स्वतःला आत ओढून घेतो, दर फेऱ्याला अचूक 1.25 मिलिमीटर. म्हणून पहिले दोन-तीन फेरेच निर्णायक. तिथे आठच्याच मापाचा एक साधा नट उपयोगी पडतो. टॅप आधी नटातून फिरवायचा आणि नट जॉबवर सपाट दाबून धरायचा, म्हणजे नटाचा सपाट चेहरा टॅपला उभं धरतो. जमलं तर थोडा जाड नट घ्यावा. काही अंतर पुढे गेलं की पाव फेरा उलटा, म्हणजे छिलका तुटतो. कडक पोलादाचा टॅप वाकत नाही, थेट मोडतो, आणि भोकात अडकलेला तुकडा काढणं म्हणजे दिवसभराचं काम.

तेलही धातूप्रमाणे बदलतं. माईल्ड स्टीलला कटिंग ऑइल, ॲल्युमिनियमला रॉकेल. आणि बिडाला? काहीच नाही! बिडात ग्राफाइटचे पापुद्रे असतात, धातू स्वतःचं वंगण स्वतःबरोबर घेऊन आलेला असतो.

भोक किती खोल हवं? बोल्ट आवळल्यावर सगळे आटे सारखा भार घेत नाहीत. पहिला आटाच जवळपास एक तृतीयांश भार उचलतो, पुढचे कमी कमी. त्यामुळे लोखंडात बोल्टाच्या जाडीच्या दीडपट खोलीपर्यंत आटे असले की भागतं.

शेवटी तपासणी. आटे पाडलेल्या भोकात एक लांब सरळ स्टड हाताने बसवा आणि शेजारी गुण्या उभा करा, आधी एका बाजूने, मग तिच्या काटकोनातल्या दुसऱ्या बाजूने. 100 मिलिमीटर उंचीवर 1 अंशाची चूक पावणेदोन मिलिमीटरची फट होऊन दिसते.