विश्लेषण : मेंढीकोट येतो, मग ब्रिज का नाही? नवे खेळाडू कसे मिळतील?

कबनूर-इचलकरंजी पट्ट्यात यंत्रमागाची पाळी सुटल्यावर किंवा लग्नघरी डाव बसला, तर मेंढीकोट कुणाला शिकवावा लागत नाही. ब्रिजही त्याच ५२ पानांचा, चौघांचा आणि समोरासमोरच्या भिडूंचा खेळ. त्याने भारताला आशियाई सुवर्ण मिळवून दिले. तरीही तो बव्हंशी शहरी क्लबांत आणि ज्येष्ठांच्या टेबलावरच राहिला आहे.

पदके मिळाली, तरुण का नाही आले?

२०१८च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ब्रिजचा प्रथमच समावेश झाला. प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी पुरुष दुहेरीत सुवर्ण जिंकले. तेव्हा बर्धन ६० वर्षांचे होते, सरकार ५६ वर्षांचे. पुरुष सांघिक व मिश्र सांघिक गटात कांस्यपदके मिळाली. मिश्र संघात मुंबईच्या हेमा देवरा होत्या. भारतीय पथकातील रीटा चोक्सी तर ७९ वर्षांच्या होत्या. पुढे हांगझोऊ स्पर्धेत पुरुष संघाने रौप्य मिळवले. साठीतही देशासाठी खेळता येते, हे कौतुकाचेच. पण बातम्यांत वयाचीच चर्चा झाली आणि ‘हा निवृत्तांचा खेळ’ ही समजूत आणखी घट्ट झाली.

मेंढीकोटपेक्षा वेगळे काय?

हुकूम, उतारी, हात करणे, रंगाला रंग देणे हे सारे तेच. मेंढीकोटमध्ये दहाची पाने पकडायची असतात, ब्रिजमध्ये बोललेले हात करायचे असतात. हुकूम कोणता आणि हात किती, हे आधी बोली लावून ठरते. किलवर, चौकट, बदाम, इस्पिक आणि बिनहुकूम असे चढते पाच प्रकार, प्रत्येकाच्या सात पायऱ्या, म्हणजे एकूण ३५ बोल्या. पहिली उतारी झाली की बोली जिंकणाऱ्याच्या भिडूची १३ पाने उघडी मांडली जातात आणि दोन्ही बाजूंची पाने एकटाच खेळतो.

नवखा अडतो तो बोलीत. भिडूला आपली पाने सांगायची, पण याच ३५ बोल्या आणि पास, डबल, रिडबल एवढ्याच शब्दांत. ही सांकेतिक भाषा अंगवळणी पडायला महिने लागतात, आणि शिकवणारा बहुधा पहिल्याच दिवशी तीच समोर ठेवतो. निम्मे लोक तिथूनच परत फिरतात.

‘पत्ते म्हणजे जुगार’ याचे काय?

घरच्यांचा खरा अडसर हाच. महाराष्ट्रातील १८८७च्या जुगार प्रतिबंधक कायद्याचे कलम १३ निव्वळ कौशल्याच्या खेळांना वगळते. १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ ठरवताना ब्रिजचेच उदाहरण दिले होते. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीनेही ब्रिजला खेळ म्हणून मान्यता दिली आहे.

स्पर्धेत नशीब जवळजवळ बाद होते. एका टेबलावर वाटलेली पाने खोबणीच्या पाटीत जशीच्या तशी ठेवून पुढच्या टेबलावर नेतात. तुमच्या वाट्याला नुसत्या दुऱ्या-तिऱ्या आल्या, तर दुसऱ्या टेबलावरच्या तुमच्यासारख्या जोडीलाही त्याच मिळतात. तुलना होते ती त्याच पानांवर कुणी काय केले याची. टेबलावर पैसे लावावे लागत नाहीत, गुण मोजतात. मुलांच्या पालकांना हे एकदा प्रत्यक्ष दाखवणे दहा भाषणांपेक्षा उपयोगी.

मग सुरुवात कशी करायची?

युरोपात शाळांमध्ये ‘मिनीब्रिज’ शिकवतात. त्यात बोलीच नसते. एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १ असे गुण प्रत्येकाने मोजून सांगायचे. पुड्यात एकूण गुण ४०. ज्या जोडीचे गुण जास्त, तिच्यातला जास्त गुणांचा खेळाडू डाव खेळतो. भिडूची पाने उघडी पाहून तो हुकूम आणि लक्ष्य ठरवतो. मेंढीकोट येणाऱ्याला यासाठी एक संध्याकाळ पुरते. बोली नंतर हळूहळू.

अमेरिकेत बिल गेट्स आणि वॉरन बफे यांनी शाळांतील ब्रिजसाठी १० लाख डॉलर दिले होते. इथे तेवढ्या पैशांची गरज नाही. लागतो तो एक पुडा, आणि आठवड्याला ठरलेल्या वारी शिकवणारा माणूस. चौथा गडी मिळत नसेल, तर ‘ब्रिज बेस ऑनलाइन’वर मोबाइलवरच यंत्राबरोबर सराव होतो. शिकण्याचे साहित्य मात्र बहुतेक इंग्रजीत आहे. हुकूम-उतारीच्या भाषेत, कबनूरच्या पोराला कळेल असे मराठी धडे कुणी केले, तर पहिला मोठा अडथळा तिथेच दूर होईल.